घड्याळाशीं शर्यत आणि तिच्या आधींचीं वीस मिनिटें

पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील टेंभुर्णी गांवचा एखादा तरुण सायकलपटु घड्याळाविरुद्धच्या शर्यतीसाठीं महिनोन् महिने मेहनत करीत आहे, असें क्षणभर कल्पावें. या शर्यतींत स्पर्धक ठराविक अंतरानें एकेकटे सोडले जातात. दुसऱ्याच्या आडोशानें वारा चुकवितां येत नाहीं. सामना केवळ वेळेशीं. १९८९ सालीं फ्रान्सच्या सायकल-प्रदक्षिणेंत अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडनें अखेरच्या दिवशीं, २४.५ किलोमीटरांच्या अशाच शर्यतींत, लोराँ फिन्योंची ५० सेकंदांची आघाडी भरून काढली. आणि सुमारे ३,३०० किलोमीटरांच्या एकूण प्रवासानंतर तो अवघ्या ८ सेकंदांनीं विजयी झाला. तेव्हां आरंभीं वायां गेलेले चार-पांच सेकंदही महाग पडतात.

ते वायां कां जातात? थंड शरीरानें एकाएकीं जोर लावला, तर स्नायूंची प्राणवायूची मागणी तत्क्षणीं वाढते. परंतु ती पुरविण्यास श्वास, हृदय व रक्ताभिसरण यांना दोन-तीन मिनिटें लागतात. तेवढ्या वेळाची उधारी पुढें जड पायांनीं फेडावी लागते. आधीं अंग तापविलें, कीं हा पुरवठा लवकर सुरू होतो. शर्यत जितकी आंखूड, तितकें या तयारीचें मोल अधिक. पुणें ते गोवा या सुमारे ६४० किलोमीटरांच्या ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यतींत पहिल्या कांहीं किलोमीटरांतच अंग मोकळें करतां येतें; वीस किलोमीटरांच्या शर्यतींत तशी सवड नसते.

परंतु उत्साही तरुण येथेंच फसतो. तयारी जितकी कठोर तितकी उत्तम, असें त्याला वाटतें. कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कसलेल्या सायकलपटूंना एकदां सुमारे ५० मिनिटांची रूढ पूर्वकसरत दिली, आणि एकदां सुमारे १५ मिनिटांची सौम्य. सौम्य कसरतीनंतर त्यांची कमाल शक्ति अधिक भरली. ते स्पर्धक लहान पल्ल्याचे होते हें खरें. तरी अंग तापवावें, थकवूं नये, हें तात्पर्य सर्वांनाच उपयोगी आहे.

साधारण रीति अशी: पहिलीं दहा मिनिटें सहज बोलतां येईल इतक्या संथ गतीनें पाय फिरवावेत. पुढील पांच मिनिटांत गति वाढवीत न्यावी. मग शर्यतीच्या जोरानें एकेका मिनिटाचे दोन झपाटे घ्यावेत. मध्यें एक मिनिट विसावा असावा. शेवटीं दोन-तीन मिनिटें हलकें चालवून थांबावें आणि पांचएक मिनिटांत आरंभरेषेवर असावें. फार वेळ उभें राहिल्यास मिळविलेली ऊब निघून जाते. म्हणून हिवाळ्याच्या पहाटे अंगावर गरम कपडा ठेवावा. सोलापुरी उन्हाळ्यांत मात्र कसरत आंखूड करावी, सावलींत करावी, आणि मानेवर ओला पंचा ठेवावा. उसाच्या गाड्या व मालमोटारी धांवणाऱ्या हमरस्त्यावर ही तयारी करूं नये. आडरस्ता शोधावा, किंवा मागचें चाक अडकवून जागच्या जागीं सायकल चालवितां येईल अशी चौकट वापरावी.

ज्या घरांत असा मुलगा वा मुलगी असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं या वीस मिनिटांत उपदेश करूं नये, छायाचित्रांसाठीं थांबवूंही नये. एका हातांत पाण्याची बाटली व दुसऱ्या हातांत घड्याळ घेऊन शांतपणें उभें राहावें. त्या वेळीं तेवढी मदत पुष्कळ होते.