उंबरांतील लेकी



गिरगांवच्या जुन्या वाड्यांतून जातांना भिंतीच्या भेगेंत उगवलेला उंबर आपण पाहिला असेल. उंबराचें फूल कोणास दिसत नाहीं, कारण तें फळाच्या आंत असतें. त्या अंधारांतच गांधीलमाशीच्या कुळांतील, चिलटाएवढ्या एका कीटकाचा संसार चालतो.

मादी फळाच्या तोंडाच्या अरुंद वाटेनें आंत शिरते. तेव्हां तिचे पंख बहुधा तुटतात. फुलांना पराग देऊन, अंडीं घालून ती तेथेंच मरते. पुढें प्रथम नर जन्मतात. त्यांना पंखच नसतात. फुगलेल्या फुलांत अजून मिटून असलेल्या माद्यांशीं समागम करावयाचा आणि फळाला भोंक पाडून द्यावयाचें, एवढेंच त्यांचें आयुष्य. उडून जातात त्या माद्या. परळच्या उंबराकडे म्हणा, दादरच्या म्हणा.

मौज अशी कीं, या फळांत नर थोडे आणि माद्या फार जन्मतात. नर-मादी सामान्यतः निम्मेनिम्म कां, याचें उत्तर फिशर या इंग्रज पंडितानें १९३० सालीं दिलें. जें लिंग विरळ, त्याला जोडीदार अधिक. म्हणून तें प्रसवणाऱ्या मातेस नातवंडें अधिक, आणि तराजू पुन्हां सम होतो. पण यास एक अट आहे : मुलग्यांची स्पर्धा परक्यांशीं असली पाहिजे. उंबरांत ते घर सोडीतच नाहींत. भाऊ भावांशींच झगडतात. चौघांनीं होणारें काम दहांनीं केलें, तर आईच्या पदरीं एक नातवंडही जास्त पडत नाहीं. उडून जाणाऱ्या सहा लेकी मात्र बुडतात. फलित अंड्यांतून मादी व अफलितांतून नर निपजत असल्यानें मातेस ही निवड साधतेही.

हॅमिल्टननें १९६७ सालीं याचें गणित मांडलें. फळांत एकच माता असेल तर मोजके पुत्र पुरतात. दोघी असतील तर पांचांत सुमारें एक. पुष्कळ शिरल्या तर प्रमाण निम्म्याकडे सरकतें. पनामांतील अशाच वृक्षांवरील निरीक्षणें १९८५ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांतही माता वाढतांच पुत्रांचें प्रमाण वाढलेलें दिसलें.

लालबाग-परळांत एके काळीं पुरुष बायकांहून पुष्कळ अधिक होते, असें कोणी म्हणेल. तें कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेल्या गिरणीकामगारांमुळें. जन्माचा हिशेब तेथें बदलला नव्हता. उंबरांत पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीनें तोच बदलला आहे.

नुकतें तांबूस होऊं लागलेलें फळ फोडून पाहा. पिवळसर, बिनपंखांचे ते नर. लांब शेपटीसारखी नळी असलेल्या माद्या दिसल्या, तर त्या दुसऱ्याच जातीच्या, आगंतुक; त्यांना मोजणींत धरूं नये.