भिंतीवरील पूर्वज



इंग्रजी अमदानीतील पगडीधारी शेठजींचे पेस्टल व्यक्तिचित्र आपल्या घरी असल्यास त्यास हात लावू नये. पेस्टल म्हणजे रंगीत खडू; त्याची भुकटी कागदाच्या खरखरीत पृष्ठावर केवळ अडकून राहते. बोट फिरताच चेहरा पुसतो. काच चित्राला टेकू देऊ नये. पावसाळी ओल लागू देऊ नये.

आपल्या समाजाचे कापूस-व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबईच्या मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव दिले. १८७८ साली पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्यामुळे ते नाव आजही टिकून आहे. भिंतीवरील गृहस्थाचे नाव मात्र केवळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते. ते आजच विचारून, गाव व सालासह चिठ्ठीवर लिहून चौकटीमागे लावावे. धर्माने शिकविलेली जयणा पूर्वजांच्या स्मृतीसही लाभो!