क्लास न लावता फिजिक्स येतं का?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आतापर्यंत सगळ्यांनी आठवणी सांगितल्या. मी थोडा हिशेब सांगणार आहे. शेवटी एक मागणंही आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी जेवणाच्या रांगेकडे कोणी पळणार नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी गेल्या वर्षी दहावी झाली. तिला सायन्सला जायचं होतं. मावशी एका क्लासमध्ये चौकशी करून आल्या. दोन वर्षांची फी त्यांच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त होती. घरात आर्ट्सचं बोलणं सुरू झालं. तेव्हा मुलीने मला विचारलं, "ताई, क्लास न लावता फिजिक्स येतं का?" मी इंजिनियर ना! ऐटीत म्हणाले, "येतं की!"

त्या रात्री अकरावीचं पुस्तक उघडलं आणि घाम फुटला. सूत्रं आठवत होती, पण ती तशी का आहेत हे सांगता येईना. सर, आज तुमच्यासमोर कबूल करते, मी पाठ करून मार्क मिळवले होते. मग ठरवलं की दर रविवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून शिकायचं.

पहिले दोन महिने आम्ही अकरावीला हातच लावला नाही. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. ती पुन्हा वाचली. सोबत बीजगणित आणि त्रिकोणमिती. फिजिक्स अडतं ते बहुतेकदा गणितात अडतं, हे तेव्हा कळलं. नंतर अकरावीचं पुस्तक, आणि जोडीला एनसीईआरटीचं. तेही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. एच. सी. वर्मांचे दोन भाग तेवढे जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतले.

नियम एकच. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि दुसरीला समजावून सांगायचा. सांगताना अडखळलो तिथे पुन्हा वाचायचं. व्हिडिओ पाहायचा तो गणित स्वतः सोडवून झाल्यावरच. नुसता व्हिडिओ पाहिला की सगळं समजल्यासारखं वाटतं, पण वहीवर काही उतरत नाही.

आता प्रयोग. एक मीटर दोरा, त्याला एक जड नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, एवढ्यावर गुरुत्वीय त्वरण मोजता येतं. लांबी अडकवलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत धरायची, झोका लहान ठेवायचा आणि २० दोलनांचा वेळ घ्यायचा. आमचं उत्तर आलं १०.९. पुस्तकात ९.८! मी दोऱ्याला दोष दिला, पंख्याच्या वाऱ्याला दिला. मुलगी शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही नट सोडतानाच 'एक' म्हणता." खरंच! सोडताना 'शून्य' म्हणायला हवं होतं. मी २० म्हणेपर्यंत १९ दोलनंच होत होती. वीस वर्षं प्रोग्राम लिहितेय, तिथे मोजणी शून्यापासूनच सुरू होते आणि नेमकी तीच चूक इथे केली. पुन्हा मोजलं तेव्हा २० दोलनांना ४० सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागला, आणि उत्तर ९.८ च्या जवळ आलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी शिरा केला.

अशा स्वस्तातल्या प्रयोगांचा मोठा खजिना अरविंद गुप्तांनी उभा केला आहे. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट आहेत. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढ्यात मोटर फिरते. तार आम्हाला सातपूरच्या एका रिवाइंडिंगवाल्याने दिली आणि पैसेही घेतले नाहीत. तारेच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकाचं एक बाजू सोडून. ती बाजू का सोडायची, हे समजलं की मोटर समजली!

जे घरी करता येत नाही, त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही सिम्युलेशन्स आहेत. त्यातली काही मराठीतही आहेत. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे फुकट अ‍ॅप मोबाइलमधल्या सेन्सरनी त्वरण मोजतं. पुढे जायचं असेल तर फाइनमन यांची १९६१ ते ६३ मधली गाजलेली व्याख्यानं इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे तासही फुकट पाहता येतात.

आता हिशेब. दीड वर्षात जुनी पुस्तकं, वह्या, सेल, चुंबक धरून खर्च झाला ६८० रुपये. मुलगी बारावीत आहे, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. परिभ्रमण गतीचा धडा अजून तिला छळतो, खरं सांगायचं तर मलाही. मार्क किती पडतील ते माहीत नाही. पण ती "का?" विचारते, जे मी तिच्या वयात विचारलं नाही.

म्हणून मागणं. साहित्य फुकट आहे, ते कमी पडत नाही. कमी पडतं ते अडलं की विचारायला माणूस. मी नसते तर ती मुलगी पहिल्याच धड्यात थांबली असती, आणि ती नसती तर मी कधी सुरूच केलं नसतं. आपल्या बॅचमध्ये इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत, दोघे शिक्षक आहेत. प्रत्येकाने महिन्यातला एक रविवार, दोन तास द्यायचे. मुख्याध्यापक बाईंना विनंती, रविवारी प्रयोगशाळेची किल्ली आम्हाला द्या. कुलूप लावायची जबाबदारी माझी.

दाराशी वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी त्यात नाव आणि रविवार लिहा. पहिलं नाव मी लिहिलंय, दुसरं त्या मुलीने. परीक्षा झाली की ती आठवीच्या मुलांना शिकवायला येणार आहे.