मागची रांग, पुढची रांग
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शनिवारी दुपारी साडेचार वाजले, की आमच्या क्लासच्या दारात चपलांचा ढीग पडतो. आधी छोट्या छोट्या सँडल्स, त्यातल्या निम्म्या उलट्या पडलेल्या. सहा वाजता त्यांची जागा मोठे स्पोर्ट्स शूज घेतात. सव्वासातला ऑफिसातून थेट आलेल्या बायकांच्या चपला आणि अलीकडे दोन-तीन जोड पुरुषांचेही. चपलांवरून बॅच ओळखावी.

गेली तीस वर्षं मी कथक शिकवते. शेजारच्या खोलीत माझी एक सहकारी भरतनाट्यम शिकवते आणि रविवारी सकाळी तोच हॉल आम्ही हिप-हॉप शिकवणाऱ्या एका तरुणाला देतो. तिघांकडेही येणाऱ्या पालकांचे प्रश्न मात्र सारखेच. पहिला, ‘गॅदरिंगला ही स्टेजवर कधी दिसेल?’ दुसरा, ‘परीक्षा कधी?’ आणि तिसरा फीचा. ‘क्लासमध्ये तुम्ही नेमकं काय शिकवता?’ असं विचारणारे पालक मला या तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. आज त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल थोडं बोलणार आहे.

आधी हे लक्षात घ्यायला हवं, की आपल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीनं संध्याकाळी घुंगरांची पिशवी खांद्याला अडकवून क्लासला जाणं ही गोष्ट फार जुनी नाही. रोहिणीताई भाटे यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली ती १९४७ साली. चांगल्या घरातल्या मुलींनी नाचायचं म्हणजे काय, असं विचारणारी तेव्हाची माणसं होती. त्या पिढीनं ते बोलणं सोसलं म्हणून आज आपण ‘कुठला क्लास लावू?’ एवढ्यावर आलो आहोत.

कुठला लावू, याचंही उत्तर सोपं आहे. जवळ असेल तो आणि जिथला शिक्षक मुलांकडे बघून शिकवतो, आरशात स्वतःकडे बघून नव्हे, तो. ‘भरतनाट्यम आपलं नाही ना, दक्षिणेतलं ना?’ असं काही आया विचारतात. त्यांना मी तंजावरच्या सरफोजीराजांची गोष्ट सांगते. दुसऱ्या सरफोजींच्या नावावर मराठीत लिहिलेल्या नृत्यरचना आहेत आणि आचार्य पार्वतीकुमारांनी त्या अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या. तेव्हा परकं-आपलं हा वाद इथं फारसा चालत नाही.

आता साडेचारच्या बॅचकडे वळू. पाच-सहा वर्षांचं मूल एका गोष्टीत दहा मिनिटांवर रमत नाही. त्याला आधी मी नाचायला शिकवतच नाही, टाळी द्यायला शिकवते. तीनतालाच्या १६ मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाजूला न्यायचा. तिला ‘खाली’ म्हणतात. सगळी गंमत या नवव्या मात्रेत असते. सुरुवातीला दहापैकी आठ पोरं तिथं धाडकन टाळी वाजवतात आणि मग एकमेकांकडे बघून हसत सुटतात. जिथं सगळे हात वाजवायला उतावीळ झालेले असतात, तिथं थांबायचं, हे त्यांचं पहिलं शिक्षण.

मग तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आठ पावलं. उजवा, डावा, उजवा, डावा असं करत चौथ्या पावलाला डावा पाय पडतो आणि पाचव्याला, म्हणजे ‘आ’ला, पुन्हा डावाच टाकायचा असतो. रोज चालताना आपण असं कधी करत नाही. त्यामुळे मुलांचा पाय तिथं हमखास चुकतो. हे साधायला कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला दोन महिने. बाहेर बाकावर बसलेल्या आईला वाटतं, ‘अजून नुसते पायच आपटतायत.’ आपटतायत खरे, पण त्या पाय आपटण्यात डावं-उजवं, मोजणं, ऐकणं आणि स्वतःची चूक स्वतःला कळणं, एवढं सगळं चाललेलं असतं.

अडचण होते ती टीव्हीमुळे. १९९६ मध्ये ‘बूगी वूगी’ सुरू झालं, तेव्हा घराघरांतली मुलं टीव्हीपुढे नाचू लागली, आणि ते छानच होतं. पुढे त्याच्या स्पर्धा झाल्या, मतं आली, परीक्षकांचे रुसवे-फुगवे आले आणि सात वर्षांच्या मुली तीस वर्षांच्या नायिकेचे हावभाव करू लागल्या. शेवटी २०१९च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना लेखी सूचना द्यावी लागली, की मुलांना असं मोठ्यांसारखं सवंग नाचताना दाखवू नका. सरकारनं सांगायची वेळ का यावी? मुलगी जे नाचते आहे त्याचा अर्थ तिला विचारला तर ती सांगू शकेल का, एवढा एक प्रश्न घरी विचारला तरी पुरे.

सहाची बॅच सगळ्यांत अवघड. बारा ते सोळा वर्षांची मुलं. या वयात शरीर रोज नवं होत असतं आणि हॉलमध्ये भिंतभर आरसा असतो. गेल्या वर्षी बेधडक गिरक्या घेणारी मुलगी यंदा ओढणी सावरत कोपऱ्यात उभी राहते. मुलग्यांचं दुःख वेगळं. शाळेत त्यांना ‘नाच्या’ म्हणून चिडवतात. आनंद यादवांची ‘नटरंग’ ज्यांनी वाचली असेल, किंवा तिच्यावरचा २०१० सालचा चित्रपट पाहिला असेल, त्यांना या शब्दाचं ओझं वेगळं सांगायला नको. माझ्याकडचे कितीतरी मुलगे आठवीत क्लास सोडून गेले आणि त्यांच्या घरच्यांनी ‘अभ्यास वाढला’ असं कारण दिलं.

अभ्यास वाढतोच. त्यात आपल्याकडे शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्या, की दहावीला वाढीव गुण मिळतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत जातात. अभ्यासक्रम उत्तम आहे. पण पुष्कळ मुली गुणांपुरत्या लागतात तेवढ्या परीक्षा देतात आणि दहावीचा अर्ज भरला, की घुंगरं माळ्यावर जातात. पालकांना दोष देत नाही. फक्त एवढंच सांगते, की नाचाची खरी गरज अकरावी-बारावीच्या ताणाच्या वर्षांत असते आणि नेमका तेव्हाच तो बंद पडतो.

आता इतरांबद्दल एवढं बोलले, तर स्वतःबद्दलही बोलायला हवं.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी होती. अंगानं जाडसर, उंच. लय मात्र अशी पक्की, की ती तत्कार करू लागली की मी तिच्या पायावर हाताची टाळी सोडून द्यायची. वार्षिक कार्यक्रम आला, की मी तिला मागच्या रांगेत उभी करायची. कारण विचाराल तर उंची. पण तिच्याच उंचीची एक सडपातळ मुलगी पुढे मधोमध असायची, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही. तीन वर्षं हे चाललं. चौथ्या वर्षी कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या आणि ती आली नाही. मी फोनही केला नाही. अशी मुलं जातातच, असं म्हणून मी पुढच्या तालमीला लागले.

तीनेक वर्षांपूर्वी ती दारात उभी राहिली. बरोबर सहा वर्षांची मुलगी. ‘ताई, ओळखलंत का?’ म्हणाली. मी ओळखलं. फॉर्म भरून झाला, पैसे दिले आणि मग ती शांतपणे म्हणाली, ‘ताई, एकच विचारायचं होतं. हिला तुम्ही कुठल्या रांगेत उभी करणार, तेवढं आधी सांगा.’

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री बराच वेळ विचार करत बसले. कथक काय, भरतनाट्यम काय, मुळात एकट्यानं सादर करायचे नाच. त्यात रांग कुठून आली? फुगडीत मागची रांग नसते. मंगळागौरीच्या झिम्म्याला, फेराला रांग नसते. गरबा तर दिव्याभोवती गोल फिरतो. २०२३ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. रविवारी आमच्याकडे येणारी हिप-हॉपची मुलंसुद्धा गोल करून उभी राहतात. एकेक जण मध्ये येतो, बाकीचे टाळ्या देतात. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जन्मलेला तो नाच. त्यातलं ब्रेकिंग २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकपर्यंत गेलं, पण गोल काही त्यांनी सोडला नाही. माझ्या क्लासमधली रांग ही नाचातून आलेली नव्हती. ती स्टेजवरून, प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे बघून आली होती. वर्षातल्या एका संध्याकाळसाठी मी उरलेलं सगळं वर्ष मुलांना पुढं-मागं लावत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी रांगा फिरवायला सुरुवात केली. दर तासाला पुढची रांग मागे आणि मागची एक पाऊल पुढे. कार्यक्रमातही प्रत्येक रचनेत निदान एकदा प्रत्येक मूल पुढे येतं. काही पालक नाराज झाले. दोघींनी मुलींना काढून घेतलं. घेऊ देत.

आता सव्वासातची बॅच. ही सर्वांत वयस्क आणि सर्वांत भित्री. ‘या वयात आम्हाला जमेल का?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते दारावर लिहून लावावं. गंमत म्हणजे आपल्या आज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. मंगळागौरीला त्या रात्र रात्र पिंगा घालायच्या, आणि त्यासाठी क्लास लावायला लागत नव्हता. नाचणं हे वयात आल्यावर सोडून द्यायचं असतं, ही समजूत अलीकडची आहे.

मोठ्यांच्या नाचाबद्दल एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ माणसांना काही वर्षं पाहिलं गेलं. शारीरिक विरंगुळ्यांपैकी ज्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी दिसला, असा एकटा नाच होता. आता, नाचणारी माणसं मुळातच धडधाकट असू शकतात, म्हणून नाचानं स्मृतिभ्रंश टळतो असं मी म्हणणार नाही. पण पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये असे वर्ग २००१ पासून चालतात. पाऊल उचलताना अडखळणाऱ्या माणसाला ताल हात देतो, हे तत्कार शिकवणाऱ्या कुणालाही सहज पटेल. मोठ्यांना माझं सांगणं एवढंच, की गुडघ्याचं, रक्तदाबाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, शिक्षकापासून ते लपवू नका आणि शेजारच्या पंचविशीतल्या मुलीशी बरोबरी करू नका.

क्लास निवडताना चार गोष्टी जरूर बघा. एक, फरशी. सिमेंटवर किंवा टाइल्सवर रोज तास-तासभर पाय आपटले, तर टाचा आणि नडग्या दुखणारच. लाकडी जमीन असेल तर उत्तम, नाहीतर निदान जाड सतरंजी, मॅट असावी. दोन, सुरुवातीला अंग मोकळं करून घेतात का? भरतनाट्यमच्या अरमंडीत किंवा बॅलेमध्ये घाईनं बसवलेलं मूल पुढे गुडघे धरून बसतं. तीन, पालकांना एखादा तास बसून पाहू देतात का? दार सतत बंद ठेवणाऱ्या क्लासला दोन प्रश्न जास्त विचारा. अंगाला हात लावून दुरुस्ती करायची तर शिक्षक आधी मुलाला विचारतो का, हेही बघा. आणि चार, मागच्या रांगेतल्या मुलाचं नाव शिक्षकाला ठाऊक आहे का? हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं.

त्या मुलीची, म्हणजे आता तिच्या आईची, गोष्ट अर्धी राहिली. चार महिने ती बाहेर बाकावर बसून मुलीची वाट बघायची. बाकाखाली तिचा पाय चालू असायचा. मी पाहायची, बोलायची नाही, कारण बोलायचा हक्क मी वीस वर्षांपूर्वी गमावला होता. एके शनिवारी सव्वासातला ती आपणहून आत आली आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्या बॅचमध्येही रांगा फिरतात. तिसऱ्या आठवड्यात तिची पाळी पुढे यायची होती. ती मागेच थांबली. मी काही म्हटलं नाही. पाचव्या की सहाव्या आठवड्यात, बाकीच्या बायका सरकल्या तशी तीही एक पाऊल सरकली.

तत्कार अजून तसाच पक्का आहे. ‘आ’ला डावा पाय अचूक पडतो.

तिची मागितलेली नसलेली माफी मी अजून मागितलेली नाही. हे भाषण ती ऐकत असेल, तर आज मागते.