मूत्रपिंडाचा विकार आणि आतड्यातील जिवाणू

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय मूत्रपिंडाचा असताना वक्ता आतड्यांपासून सुरुवात का करतो आहे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की मूत्रपिंडे दुबळी झाली म्हणजे रक्तात जी विषद्रव्ये साठू लागतात, त्यांतील काहींची निर्मिती आपल्याच मोठ्या आतड्यात होते. ही निर्मिती करतात तेथे वस्तीला असलेले जिवाणू.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार मानवी शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. हे आपले शत्रू नव्हेत. धान्याचा कोंडा, भाज्या, फळे यांतील जे तंतुमय पदार्थ आपल्याला पचत नाहीत, त्यांवर हे जिवाणू उपजीविका करतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषक अशी आम्ले तयार करतात.

परंतु तंतुमय अन्न कमी पडले, की हेच जिवाणू न पचलेल्या प्रथिनांकडे वळतात. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून ते इंडोल बनवतात; यकृत त्याचे रूपांतर इंडॉक्सिल सल्फेटमध्ये करते. टायरोसिनपासून अशाच मार्गाने पॅरा-क्रेसिल सल्फेट तयार होते. निरोगी मूत्रपिंडे ही दोन्ही द्रव्ये लघवीवाटे बाहेर टाकतात. आजारी मूत्रपिंडांना ते जमत नाही. शिवाय ही द्रव्ये रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहत असल्यामुळे डायलिसिसनेही ती पुरेशी निघत नाहीत. प्रयोगशाळेतील अभ्यासांत ती मूत्रपिंडाच्या पेशींना व रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अपाय करताना आढळली आहेत.

यास पुरावा काय? अमेरिकेतील संशोधकांनी २०११ साली एक सोपी पण मार्मिक तुलना प्रसिद्ध केली. डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांचे मोठे आतडे पूर्वीच शस्त्रक्रियेने काढलेले होते. त्यांचे रक्त इतर डायलिसिस रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहिले, तेव्हा ही दोन द्रव्ये त्यांच्यात जवळजवळ नव्हतीच. विषाचा उगम कोठे आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

येथे एक दुष्टचक्रही सुरू होते. रक्तात वाढलेला युरिया आतड्यात झिरपतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि त्यामुळे आतड्याचे अस्तर सैल पडून नको ती द्रव्ये रक्तात शिरतात. पोटॅशियमच्या भीतीने फळे-भाज्या बंद झालेल्या असतात, बद्धकोष्ठता जडते, प्रतिजैविके वारंवार घेतली जातात. या साऱ्याने जिवाणूंचा समतोल आणखी ढळतो.

मग उपाय कोणता? डायलिसिस रुग्णांच्या आहारात तंतुमय पदार्थ वाढवल्यावर इंडॉक्सिल सल्फेटचे प्रमाण घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले. म्हणून कोंडा न काढलेले धान्य आणि आहारतज्ज्ञाने निवडून दिलेल्या भाज्या यांना ताटात स्थान हवे. पोट साफ राहील याची काळजी हवी. मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. पोटॅशियम वाढले तर हृदयाची गती बिघडून प्राणावर बेतू शकते. इसबगोलाला भरपूर पाणी लागते, आणि ज्यांच्या पाण्यावर बंधन आहे त्यांनी तेही विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता थोडे परखडपणे बोलतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी ‘उपयुक्त जिवाणूंची’ म्हणून विकली जाणारी पूड सुरू केली आणि आता मूत्रपिंडे सुधारणारच, या विश्वासाने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. वर्षभरात त्यांना डायलिसिस घ्यावे लागले. जिवाणूंची पूड रुग्णाला डायलिसिसपासून दूर ठेवते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. जपानमध्ये आतड्यातील ही द्रव्ये शोषून घेणाऱ्या कोळशाच्या औषधाला १९९१ साली मान्यता मिळाली. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत त्याने आजाराची गती रोखल्याचे दिसले नाही. रक्तातील एक आकडा खाली येणे वेगळे आणि मूत्रपिंड वाचणे वेगळे.

घरच्या दह्या-ताकाविषयीही हेच म्हणेन. ते उत्तम अन्न आहे, औषध नव्हे. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते किती चालेल, हे त्याच्या तपासणीवर ठरते.

आजही मूत्रपिंडे वाचवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे रक्तदाब व मधुमेह काबूत ठेवणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे आणि वेळेवर तपासणी. आतड्याची काळजी या उपचारांच्या जोडीला घ्यायची आहे, त्यांच्या जागी नव्हे. हा विकार बराच काळ कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. म्हणून ज्यांच्या घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण आहे, त्यांनी वर्षातून एकदा त्याच्या रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. आज घरी गेल्यावर शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढे जरी आपण विचारलेत, तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी मानीन.