नावडती नोकरी आणि आर्तध्यान
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



खडवलीहून मुंबई सुमारे ७० कि.मी. दूर आहे. कल्याणपुढे जाणाऱ्या पुष्कळ लोकल गाड्या टिटवाळ्यालाच थांबतात. त्यामुळे येथील नोकरदार माणसाला आसनगाव किंवा कसारा गाडीवाचून गत्यंतर नाही. जाण्या-येण्यात त्याचे तीन-चार तास सहज खर्ची पडतात. हे कष्ट तो सोसतो, कारण घर चालवायचे असते. परंतु प्रवासाच्या शेवटी ज्या कचेरीत पोहोचायचे, तेथील कामच मनापासून नकोसे असेल, तर त्या कष्टांना निराळेच रूप येते. रविवारी सायंकाळपासूनच सोमवारची धास्ती वाटू लागते. जेवणावरून मन उडते, मुलांच्या साध्या प्रश्नालाही त्रासिक उत्तर जाते. घरची मंडळी समजतात, स्वभाव बदलला.

या अवस्थेला जैन शास्त्रात फार प्राचीन नाव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल असे चार प्रकार सांगून आर्तध्यानाचेही चार भेद केले आहेत. त्यातील एक अनिष्टसंयोगाचा. नको असलेल्या गोष्टीशी संबंध आला असता ती कधी सुटेल, याचेच पुनःपुन्हा स्मरण करीत राहणे, हे त्याचे लक्षण. येथे सूत्रकारांची सूक्ष्म दृष्टी दिसते. अनिष्ट संयोग म्हणजे आर्तध्यान, असे ते म्हणत नाहीत. त्या संयोगाभोवती मनाने घातलेल्या अखंड फेऱ्यांना ते आर्तध्यान म्हणतात. कचेरीत आठ तास जातात. पण मनातील कचेरी गाडीत, जेवणाच्या पाटावर आणि अंथरुणातही उघडीच असते.

दुसरी गोष्ट त्याहून दिलासा देणारी आहे. हे आर्तध्यान केवळ अज्ञानी जीवाला होते, असे शास्त्र सांगत नाही. अणुव्रती श्रावकाला ते होते, आणि सहाव्या गुणस्थानातील प्रमत्तसंयत मुनींनाही त्याचा स्पर्श होऊ शकतो. मग संसारी नोकरदाराने त्याची लाज का बाळगावी? ‘धर्म करतो आणि तरी मन खचते’ असा टोमणा समाजात कधी कधी ऐकू येतो. तो शास्त्राला धरून नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

या संदर्भात श्रीमद् राजचंद्रांचे उदाहरण मुंबईशी निगडित असल्याने अधिक जवळचे वाटते. सन १८६७ मध्ये सौराष्ट्रातील ववाणिया येथे जन्मलेले हे अध्यात्मपुरुष रेवाशंकर जगजीवन यांच्या मुंबईतील पेढीत भागीदार होते आणि हिरे-मोत्यांचे उत्तम पारखी होते. विलायतेहून परतलेल्या मोहनदास गांधींची त्यांच्याशी १८९१ मध्ये भेट झाली. लाखोंचा व्यवहार आटोपताच त्यांच्या हाती धर्मग्रंथ किंवा टिपणवही येई, आणि त्यांचे चित्त विचलित झालेले दिसत नसे, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदविले आहे.

एवढेच वाचले तर श्रीमदांना व्यापाराचा त्रास वाटतच नसावा, असा समज होईल. व्याख्यानांतून त्यांचे हेच अर्धे चित्र बहुधा रंगविले जाते. त्यांची पत्रे मात्र दुसरी बाजू दाखवितात. व्यवसायाला ते ‘उपाधी’ म्हणत, आणि त्या उपाधीचा भार व तिच्यातून मुक्त होण्याची ओढ पत्रांतून वारंवार व्यक्त झाली आहे. सायला येथील सौभागभाईंना ते हे मोकळेपणाने लिहीत. पेढीवर व्यवहार चोख आणि अंतरीची व्यथा एका विश्वासू स्नेह्यापाशी, अशी त्यांची रीत होती. उदयात आलेले कर्म त्यांनी समतेने वेदिले, पण ते सुखद आहे असे सोंग केले नाही. शिवाय वर्षातील काही काळ मुंबई सोडून ते गुजरातेतील एकांत स्थळी जाऊन राहत.

नोकरदार गृहस्थाला महिनोन्‌महिने एकांत मिळणार नाही, हे उघड आहे. परंतु सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा आहे. धावत्या लोकलच्या गर्दीत विधिपूर्वक सामायिक होत नाही, हे मान्यच. तरीही परतीच्या प्रवासातील तेवढा वेळ साहेबांच्या बोलण्याची उजळणी न करता नवकार-स्मरणात वा स्वाध्यायात गेला, तर कचेरी घरापर्यंत येत नाही. निदान रोज तरी येत नाही.

येथे एक विवेक अवश्य करावा. प्रत्येक नावड म्हणजे द्वेष नव्हे. श्रावकाला वर्ज्य म्हणून शास्त्रात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. हिंसेशी निगडित कामाचा किंवा खोटे हिशेब लिहिण्याचा ज्याला वीट येतो, त्याच्या मनात समतेचा अभाव नसून धर्म जागा आहे. अशा माणसाला ‘सहन कर’ असा उपदेश करणे म्हणजे अधर्माला हातभार लावणे होय. त्याने दुसरी नोकरी शोधावी आणि घरच्यांनी त्याला साथ द्यावी. पगार थोडा कमी झाला, तर परिग्रह-परिमाणाचे व्रत अशाच वेळी उपयोगी पडते. पुष्कळदा नोकरी सोडता येत नाही ती घराच्या हप्त्यामुळे, आणि हप्ता मोठा झालेला असतो तो समाजातील कुणाच्या तरी बरोबरीने राहण्यासाठी. विवाहाचा थाट कमी करण्याचे ठराव यासाठीही आवश्यक आहेत.

कामाच्या ताणातून येणाऱ्या खचलेपणाची दखल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या नव्या वर्गीकरणात घेतली. त्याला रोग न म्हणता कामाच्या जागेशी निगडित अवस्था म्हटले. म्हणजे दोष केवळ माणसाच्या मनाचा नसतो, कामाच्या पद्धतीचाही असतो. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र वैद्यकीय साहाय्य तत्काळ घ्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते. ताप आला म्हणजे डॉक्टरांकडे जाण्यात कुणाची श्रद्धा उणावत नाही. येथेही उणावण्याचे कारण नाही.

श्रीमद् अखेरच्या वर्षांत व्यापारातून निवृत्त झाले आणि १९०१ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, राजकोट येथे त्यांचा देहविलय झाला. त्याआधी १८९६ च्या आश्विनात नडियाद येथे, कंदिलाच्या प्रकाशात, एकाच बैठकीत त्यांनी १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ लिहिले. तेव्हा पेढीचा भार उतरलेला नव्हता. त्यानंतरही त्यांचे मुंबईस जाणे-येणे चालूच राहिले.