परातीच्या काठावरील नाव
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



नोकरी संपली की क्वार्टर रिकामे करावयाचे, हे भिलाईतील घरांच्या अंगवळणी पडले आहे. त्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि प्रश्न पडतो : काय न्यायचे आणि भंगारवाल्याला काय द्यायचे? त्या ट्रंकेविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हे ग्रंथांतून वाचावयास मिळते. त्या काळी येथे आलेल्या माणसांचे जगणे मात्र ट्रंकेत राहिले.

जुनी पोस्टकार्डे पाहा. ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यात होते, नागपूर तर राजधानीच. १ नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात आले. १ मे १९६० पासून नागपूरच्या पत्त्यात ‘महाराष्ट्र’ आला. कोणी जागचे हलले नाही, तरी कित्येकींचे माहेर परराज्यात गेले. घरखर्चाची वही पाहा. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. तोवर रुपयाचे सोळा आणे मोजणाऱ्या गृहिणीला शंभराचा हिशेब नव्याने शिकावा लागला.

माझ्या आईच्या मागे एक पितळी परात राहिली. तिच्या काठावर आईचे माहेरचे नाव कोरलेले आहे. लग्नात ते नाव बदलले. त्यानंतर शिधापत्रिकेवर, बँकेच्या पुस्तकात, कोठेही ते उरले नाही. उरले ते केवळ पितळेवर. ती परात वजनावर विकली असती, तर एका मुलीची शेवटची खूण पुसली गेली असती.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, फण्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने ‘राजा केळकर संग्रहालय’ उभारले आणि ते महाराष्ट्र शासनास अर्पण केले. तेथील अडकित्ता पाहून कारागिराचे कसब कळते. परंतु तो कोणाच्या हातात फिरला, हे अडकित्ता सांगू शकत नाही. ते सांगणारा माणूसच लागतो.

भिलाईत पहिल्यांदा आलेली पिढी आता थोडीच उरली आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्यात, बंगळुरूत, परदेशात आहेत. सर्व वस्तू जपणे त्यांना शक्य नाही आणि तसा आग्रहही नसावा. माझी विनंती लहानशी आहे. घरातील एक वस्तू निवडा. आई-वडिलांजवळ, आजीजवळ बसा आणि विचारा : ही कोणाची, कोठून आली, कोणी दिली? उत्तर एका कागदावर मराठीत लिहा, तारीख घाला आणि तो कागद त्या वस्तूसोबत ठेवा.

लिहिण्यासाठी लागणारी अक्षरे या शाळेने आपणास दिली आहेत. सांगणारे आहेत तोवर ती कामी यावीत, एवढेच माझे मागणे आहे.